हौस आपली, घसा बाळाचा



आपल्या घरी बाळ जन्माला आले की नामकरण विधी होतो. भन्तेजी किंवा बौद्धाचार्य त्रिसरण-पंचशील देतात, बाळाचे नाव सर्वांसमोर घोषित होते, सुजाता, गौतमी, राहुल, सिद्धार्थ अशी नावे वस्तीत घुमतात. जेवणावळी होतात. मग आलेले आप्तेष्ट बाळाच्या पाळण्याजवळ आपापली भेट ठेवतात. झबले-टोपडे असते, दुपटे असते आणि खेळणी तर असतातच. संध्याकाळी मोजायला बसले तर चार खुळखुळे, दोन बाहुल्या, एक चावीची मोटार आणि एखादा पीं-पीं करणारा प्लास्टिकचा पोपट निघतो.

आणणाऱ्याच्या मनात प्रेमच असते, यात शंका नाही. परंतु ती वस्तू निवडायला आपण किती वेळ दिला? बाजारात पिशवी सांभाळत, गाडी चुकेल या घाईत, जे रंगीत दिसले, वाजले आणि खिशाला परवडले ते आपण उचलले. बाळ त्या वस्तूचे काय करील, हा प्रश्न दुकानासमोर आपण स्वतःला विचारीत नाही. आज त्याच प्रश्नाविषयी लिहावयाचे आम्ही ठरविले आहे. समाजापुढे शिक्षणाचे, नोकरीचे, अत्याचाराचे एवढे मोठे प्रश्न असताना खुळखुळ्यावर काय लिहिता, असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे एवढेच की, शिकणारे, नोकरी करणारे आणि अन्यायाविरुद्ध उभे राहणारे माणूस आधी ते पहिले वर्ष जगले पाहिजे.

पहिल्या वर्षातले बाळ वस्तू डोळ्यांनी थोडी आणि तोंडाने जास्त पाहते. हाती आले ते तोंडात गेले, हा त्याचा धर्मच आहे. त्यात त्याचा हट्ट नाही की खोडी नाही. जग ओळखण्याची त्याची तीच रीत आहे. परंतु त्याची श्वासनलिका जेमतेम त्याच्या करंगळीएवढी रुंद असते. दाढा आलेल्या नसतात आणि अडकलेली वस्तू खोकून बाहेर फेकण्याइतका जोर छातीत नसतो. श्वास पूर्ण बंद झाला तर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. आपल्या ढाणकीहून उमरखेडचे मोठे रुग्णालय गाठायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावली तरी तिला यायला वेळ लागणारच. म्हणून शहरातल्या आईपेक्षा खेड्यातल्या आईने या बाबतीत जास्त सावध असले पाहिजे.

दुसरी गोष्ट. आपल्या घरात बाळ सांभाळते कोण? आई कापूस वेचायला जाते, निंदणाला जाते, कुणी ऊसतोडीला तर कुणी वीटभट्टीवर जाते. बाळ झाडाखालच्या झोळीत किंवा घरी आजीजवळ असते. आजीलाही कामे असतात. मग राखणीला असते सात-आठ वर्षांची ताई. ती बिचारी स्वतःच लेकरू! तेव्हा 'मोठ्या माणसाने लक्ष ठेवले तर चालते' असे खेळणे आपल्या घरात चालत नाही, असे समजूनच खेळणे निवडावे. ताईची नजर क्षणभर दुसरीकडे गेली तरी बाळाला अपाय होणार नाही, तेच खेळणे आपल्या कामाचे.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि माता रमाई यांची गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे बालपणीच गेली. राजरत्नचा मृत्यू १९२६ सालचा. घरचे दारिद्र्य आणि आजार यांपुढे त्या माऊलीचे काही चालले नाही. आज लस आहे, अंगणवाडी आहे, आशाताई दारापर्यंत येते. अशा काळात दहा रुपयांच्या शिट्टीने एखादे लेकरू जावे, याला नशीब म्हणता येणार नाही.

घरच्या घरी पाच कसोट्या

खेळणे तपासायला यंत्र लागत नाही. पुढील पाच कसोट्या कोणत्याही आईला, आजीला करता येतील.

पहिली कसोटी कड्याची. अंगठा आणि तर्जनी यांची टोके जुळवून गोल कडे करा. जी वस्तू किंवा खेळण्याचा जो सुटा भाग त्या कड्यातून आरपार जाईल, तो तीन वर्षांखालील मुलाच्या हाती नको. सरकारी मानकात यासाठी सुमारे ३२ मिलिमीटर रुंदीची नळी वापरतात. आपले कडे त्याहून थोडे मोठे, म्हणजे तेवढीच जास्त खबरदारी. गोटी, मणी, बटण, चिंचोका, शेंगदाणा, बाटलीचे झाकण, सगळे या कसोटीत नापास होते. चेंडू तर बाळाच्या तोंडात अर्धासुद्धा शिरणार नाही एवढा मोठा असावा.

दुसरी कसोटी ओढण्याची. बाहुलीचे डोळे, मोटारीची चाके, पोपटाच्या पोटातली शिट्टी चांगली ताकद लावून ओढून पाहा. नंतर खेळणे कमरेइतक्या उंचीवरून फरशीवर दोन-तीन वेळा टाका. आपल्या हाताने जे निघाले किंवा फुटले, ते बाळाच्या हातीही निघणार. ते दुकानातच निघालेले बरे.

तिसरी कसोटी कापसाची. आपला जिल्हा कापसाचा; घरात बोटभर कापूस सापडतोच. तो खेळण्याच्या सर्व कडांवरून फिरवा. जेथे कापसाचा धागा अडकेल, तेथे बाळाच्या ओठाची कातडी अडकेल. स्वस्त प्लास्टिकच्या जोडावर अशी धार हमखास असते.

चौथी कसोटी विताची. खेळण्याला दोरी असेल तर ती एका वितीपेक्षा लांब नसावी. लांब दोरी गळ्याभोवती बसते. पाळण्यावर टांगलेले चिमणाळे बाळाच्या हाताला लागू नये इतके उंच असावे आणि बाळ हातांवर जोर देऊन उठू लागले की ते काढून टाकावे.

पाचवी कसोटी ओल्या फडक्याची. पांढरे फडके ओले करून खेळण्यावर घासा. रंग उतरला तर ते खेळणे परत करा. रंगात शिसे असू शकते आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटविते. त्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरगुती रंगांतील शिशावर आपल्या देशात २०१६ च्या नियमांनी मर्यादा घातली, परंतु जुना रंग आणि कारखान्यात वापरावयाचा रंग खेळण्यावर लावणारे असतातच. फडक्याला रंग लागला नाही म्हणजे शिसे नाही, असे मात्र समजू नये. म्हणून चोखण्याच्या वयात भडक तैलरंगाचे खेळणे नकोच.

आपल्या घरातले धोके

आता काही वस्तूंची नावे घेऊनच सांगतो.

फुगा. वाढदिवसाला फुगे हवेतच! परंतु फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशाला पापुद्र्यासारखा चिकटतो आणि काढता काढत नाही. फुगे भिंतीवर उंच लावावेत, फुटलेले तुकडे लगेच वेचावेत.

बटणाएवढा चपटा सेल. दिवे लागणाऱ्या आणि गाणाऱ्या खेळण्यांत तो असतो. बाळाने तो गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतसुद्धा आतून भाजते. उलटी करवू नये, घरगुती उपायात वेळ घालवू नये, तडक मोठे रुग्णालय गाठावे. ज्या खेळण्याच्या सेलच्या झाकणाला स्क्रू नाही, ते घरात आणूच नये.

वॉकर. बाळ लवकर चालावे म्हणून आपण चाकांची गोल खुर्ची आणतो. तिने बाळ लवकर चालत नाही. उलट चुलीपर्यंत, पाण्याच्या हौदापर्यंत, ओट्याच्या काठापर्यंत लवकर पोहोचते. कॅनडा देशाने २००४ साली तिच्या विक्रीवरच बंदी घातली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा त्यापेक्षा बरा. पण तोही बाळ स्वतः धरून उभे राहू लागल्यावर आणि मोठे माणूस सोबत असताना.

लाकडी बैल. विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुले चाकांचा लाकडी बैल मिरवितात. मोठ्या भावाचा तो बैल बाळाच्या हाती देऊ नये. त्याची शिंगे टोकदार, चाके खिळ्याने ठोकलेली आणि रंग तेलाचा असतो. पैनगंगेपलीकडे तेलंगणातील निर्मळ येथील लाकडी फळे-पक्षी, किंवा कोकणातील सावंतवाडीची रंगीत फळे, ही कारागिरी पाहत राहावी अशी. पण ती फळीवर शोभते. कर्नाटकातील चन्नपट्टणची लाखेने रंगविलेली, कोपरे नसलेली लाकडी खेळणी बाळाच्या हातालाही चालतात. पण तीसुद्धा कड्यातून घालून पाहिल्यावरच.

गुंजा आणि एरंडी. काही घरांत डब्यात बिया भरून खुळखुळा करतात. गुंज, एरंडी, चंद्रज्योत यांच्या बिया विषारी आहेत. डबा उघडला की बी तोंडात जाते.

आणि सर्वांत वाईट म्हणजे औषधाची रिकामी बाटली. २०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडोंना दवाखान्यात भरती व्हावे लागले. त्यात आपल्या समाजाचेही मजूर होते. त्याच औषधांच्या रिकाम्या बाटल्या आणि मापाची झाकणे अंगणात लेकरांच्या खेळात आम्ही पाहिली आहेत. धुतली तरी ती बाटली विषाचीच. ती घरात येता कामा नये.

बिल्ला, मणी आणि दोरा

थोडे कडू बोलतो. दीक्षाभूमीहून, चैत्यभूमीहून येताना आपण बिल्ले आणतो. एका नामकरणात बाळाच्या झबल्याला अशोकचक्राचा बिल्ला टाचलेला आम्ही पाहिला. टाचणी उघडून बाळाच्या मुठीशी आली होती. आम्ही तो काढू लागलो तेव्हा आजी म्हणाली, "काहून काढता भाऊ? बाबासायबाचा बिल्ला हाये तो!"

आम्ही म्हटले, "आजी, तो तुमच्या पदराला लावा. लेकरू शाळेत जाईल तेव्हा तुमच्याच हाताने त्याला द्या." आजीने क्षणभर विचार केला आणि बिल्ला आपल्या पदराला लावला. श्रद्धाही राहिली आणि बाळही सुरक्षित झाले.

मात्र काळा दोरा, ताईत, बिब्बा, दृष्टीचे मणी यांच्याविषयी अशी तडजोड नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा देऊन जुन्या समजुतींचे ओझे आपल्या मानेवरून उतरविले. तेच ओझे तान्ह्याच्या गळ्यात बांधायचे? गळ्यातला दोरा पाळण्याच्या खिळ्याला अडकला तर फास बसतो. मणी तुटला तर घशात जातो. दृष्ट कोणाची लागो न लागो, दोरा मात्र लागतो.

तथागतांनी विचारलेला प्रश्न

मज्झिम निकायात अभयराजकुमार सुत्त आहे. बिंबिसार राजाचा पुत्र अभय तथागतांना पेचात पकडण्यासाठी एक प्रश्न घेऊन आला होता: दुसऱ्याला न आवडणारे बोलणे तथागत बोलतील काय? अभयच्या मांडीवर तेव्हा एक तान्हे मूल होते. भगवंतांनी त्यालाच विचारले की, तुझ्या किंवा दाईच्या दुर्लक्षामुळे या मुलाने काडी किंवा खडा तोंडात घातला तर तू काय करशील? अभय म्हणाला की, मी तो काढीन. सहज निघाला नाही तर डोके धरून, बोट वाकडे करून, रक्त आले तरी काढीन, कारण मला मुलाची दया येते. तेव्हा भगवंतांनी सांगितले की, जे सत्य आणि हिताचे आहे ते ऐकणाऱ्याला न आवडणारे असले तरी तथागत योग्य वेळ पाहून बोलतात, कारण त्यांनाही प्राणिमात्रांची दया येते.

अडीच हजार वर्षांपूर्वीही तान्ह्या मुलाच्या घशात खडा अडकत होता आणि त्याला मोठ्यांचे दुर्लक्ष कारण होते, हे यात स्पष्ट आहे. एक खुलासा मात्र केला पाहिजे. तो दृष्टान्त करुणेचा आहे, उपचाराचा नव्हे. आजचे वैद्यकशास्त्र सांगते की, वस्तू डोळ्यांना दिसत असेल आणि सहज धरता येत असेल तरच काढावी. आंधळेपणाने बोट घातल्यास ती अधिक खोल जाते. कालामांना 'तपासून पाहा आणि मग स्वीकारा' असे सांगणाऱ्या शास्त्याच्या अनुयायांना यात अडचण वाटू नये.

मग करावे काय? बाळ जोराने खोकत किंवा रडत असेल तर त्याला खोकू द्यावे. आवाज बंद झाला, ओठ निळे पडू लागले, तर एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने ताबडतोब बाळाला आपल्या हातावर पालथे घ्यावे. डोके छातीपेक्षा खाली, जबड्याला बोटांचा आधार. दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मनगटाकडील भागाने पाच थापा द्याव्यात. वस्तू निघाली नाही तर बाळाला उताणे करून छातीच्या मधल्या हाडावर, स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली, पाच वेळा दाबावे. वस्तू निघेपर्यंत किंवा बाळ रडेपर्यंत आळीपाळीने हेच करावे. ही रीत एक वर्षाच्या आतील बाळाची. बाळ बेशुद्ध पडले तर १०८ वरचे लोक सांगतील तसे छाती दाबणे आणि श्वास देणे सुरू करावे. पाय धरून उलटे टांगू नये, पाणी पाजू नये. हे वाचून पुरेसे येत नाही. आरोग्य केंद्रातील सिस्टरकडून बाहुलीवर करून शिकून घ्यावे.

मग बाळाला द्यावे तरी काय?

पहिले तीन महिने आईचा चेहरा आणि आईचा आवाज हेच खेळणे. बाळाला वीतभर अंतरावरचे नीट दिसते. पुठ्ठ्यावर काळ्या-पांढऱ्या जाड रेघा काढून दाखविल्या तरी ते टक लावून पाहते.

तीन ते सहा महिन्यांत मूठ वळते. एकसंध, गुळगुळीत, धुता येणारा मोठा खुळखुळा द्यावा. आजीच्या जुन्या सुती लुगड्याची चिंध्या भरून, दुहेरी टाक्याने शिवलेली बाहुली करावी. डोळ्यांना बटण न लावता धाग्याने डोळे भरावेत. झोपताना मात्र पाळण्यात बाहुली, उशी काही नको.

सहा महिन्यांनंतर बाळ बसते, आपटते, वाजविते. स्टीलच्या दोन वाट्या आणि ताटली दिली की त्याचा बँडबाजा सुरू! नवव्या महिन्यापासून डब्यात घालणे आणि काढणे, पदराआड लपणे आणि 'बुवा कुक' करणे यात त्याचा तासन्‌तास जीव रमतो. आपण लपलो तरी नाहीसे झालो नाही, हे ज्ञान त्याला याच खेळातून होते. केंद्र सरकारने २०२४ साली तीन वर्षांखालील मुलांसाठी 'नवचेतना' हा आराखडा आणला. त्यातही घरातल्या साध्या वस्तूंशी आणि माणसांशी खेळण्यावर भर आहे. अंगणवाडीताईंना त्याबद्दल विचारावे.

मोबाईल हे खेळणे नव्हे. एक वर्षाखालील बाळाला पडदा दाखवूच नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे. आणि मुलाला मोटार, मुलीला बाहुली, हा भेद तर पाळण्यातच सोडून द्यावा. वाटी दोघांच्या हातात सारखीच वाजते.

विकत घेताना

१ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांसारखे थोडे अपवाद सोडले तर विनाचिन्ह खेळणे विकणे बेकायदा आहे. पेटीवर आयएसआय चिन्ह, आयएस ९८७३ हा मानक क्रमांक आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक पाहावा. तो क्रमांक बीआयएस केअर या मोबाईल ॲपवर खरा की खोटा कळतो. चिन्ह असले तरी वयही वाचावे. पाच वर्षांच्या मुलासाठी योग्य असलेली वस्तू पाच महिन्यांच्या बाळाला योग्य होत नाही. आठवडी बाजारात पथारी मांडणारा कदाचित आपलाच भाऊबंद असेल. त्याच्याशी भांडू नये. "भाऊ, पुढच्या खेपेला चिन्हाचा माल आणा, आम्ही घेऊ," असे म्हणावे. गिऱ्हाईक मागू लागले की माल बदलतो, हा व्यापाराचा साधा हिशेब आहे.

हिशेबाचेच सांगायचे तर, दहा पाहुण्यांनी पन्नास-पन्नास रुपयांची दहा खेळणी आणली की पाचशे रुपये होतात आणि त्यांतली आठ महिनाभरात उकिरड्यावर जातात. तेच पैसे एकत्र केले तर चिन्हाचे एक चांगले खेळणे येते आणि उरलेल्या अडीचशे रुपयांत मुलीचे सुकन्या समृद्धीचे खाते पोस्टात उघडता येते.

आमची एक सूचना आहे. वर्षावासात आपल्या माता-भगिनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या वाचनासाठी विहारात जमतात. एखाद्या दिवशी वाचन संपल्यावर अर्धा तास काढावा. प्रत्येकीने घरातली बाळाची सगळी खेळणी पिशवीत घालून आणावीत, सतरंजीवर ओतावीत आणि पाचही कसोट्या लावाव्यात. सिस्टरला बोलावून घशात वस्तू अडकल्यावरची रीत शिकून घ्यावी. आजीबाई आणि राखणीच्या छोट्या ताया यांना त्या दिवशी पुढच्या रांगेत बसवावे, कारण बाळ त्यांच्याजवळच असते. मोठ्या भावंडांच्या गोट्या-मोटारी ठेवायला वेगळा, झाकणाचा डबा करावा.

आणि एखाद्या मामाने, आत्याने हौसेने आणलेले खेळणे कसोटीला उतरले नाही, तर ते बाजूला काढताना संकोच करू नये. मामाला दोन दिवस वाईट वाटेल. आपण त्याला कारण समजावून सांगावे, चहा पाजावा आणि पुढच्या वेळी काय आणायचे तेही सांगून ठेवावे.

जय भीम! नमो बुद्धाय!